आर्चटॉप घुमतेय? स्पंज कोंबायच्या आधी हे ऐका

हेडफोन लावून ऐकत असाल तर घाबरू नका. आजचा विषय कर्कश आहे, पण मी तो आवाज काढून दाखवणार नाहीये.

विषय आहे फीडबॅक. लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी माईक घेऊन थेट स्पीकरसमोर जातं आणि 'हॅलो' म्हणायच्या आत कुंईईई! तोच प्रकार. फक्त आज माईकच्या जागी गिटार आहे, आणि तीही आर्चटॉप. म्हणजे व्हायोलिनसारखी फुगीर फळी, दोन बाजूंना इंग्रजी 'एफ'च्या आकाराची भोकं आणि आतून पूर्ण पोकळ. जॅझवाल्यांची लाडकी.

माझ्या एका मित्राने अशी एक सेकंडहँड आर्चटॉप घेतली. घरी वाजवली की आवाज अगदी मधासारखा. पण बँडमध्ये ड्रम्स सुरू झाले, अँपचा व्हॉल्यूम वाढला, आणि गिटारने घूंऽऽ करून सगळं गाणं खाऊन टाकलं. दोन प्रॅक्टिसनंतर बाकीचे म्हणाले, "विकून टाक रे, सॉलिड बॉडी घे." पठ्ठ्या खरंच जाहिरात टाकायला निघाला होता. म्हटलं थांब, आधी डीबग करू.

आता नेमकं होतं काय ते बघा. तार हलते, पिकअप ते पकडतो, अँप मोठं करतं, स्पीकर हवा हलवतो. ती हवा गिटारच्या फळीला हलवते, फळी ब्रिजला, ब्रिज परत तारेला. झाला की नाही लूप? आपल्या कोडमधला तो विसरलेला लूप असतो ना, ज्याला ब्रेक कंडिशनच नाही, तसा. प्रत्येक फेरीत आवाज थोडासा जरी वाढला आणि लाटा एकमेकींशी जुळल्या, की क्षणात सगळं हाताबाहेर.

गंमत अशी, की ज्या हलक्या, जिवंत फळीसाठी आपण आर्चटॉप घेतो, तीच फळी स्पीकरचंही ऐकते. गोडवा आणि घुमणं एकाच जागेतून येतं. म्हणून गिटारला गप्प करणं सोपं आहे, पण मग ती घेतलीच कशाला?

कंपन्यांनीही हेच कोडं सोडवायचा प्रयत्न केला. गिब्सनची ईएस-१५० आली १९३६ मध्ये; चार्ली ख्रिश्चनने जॅझमध्ये इलेक्ट्रिक गिटार गाजवली ती हिच्यावर. १९४९ च्या ईएस-१७५ ला प्लायवूडसारखी थरांची फळी दिली, जी कमी हलते. १९५८ मध्ये ईएस-३३५ आली. दिसायला पोकळ, पण मधोमध मेपलचा भरीव ठोकळा. आणि बी. बी. किंगच्या नावाने निघालेल्या ल्यूसिल मॉडेलला तर एफ-होलच ठेवली नाहीत. प्रत्येक उपायाने फीडबॅक कमी झाला, पण प्रत्येक वेळी पोकळ गिटारचं थोडं पोकळपण गेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: लूप कुठेही तोडता येतो. मग जिथे तोडल्याने आवाजाचं नुकसान सगळ्यात कमी, तिथून सुरुवात करा. म्हणजे गिटारच्या बाहेरून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

पहिलं, निदान. अँप हळू ठेवा, हात व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेवा आणि घुमणं सुरू होईपर्यंत हळूहळू वाढवा. आवाज जाड, 'घूं' असा आहे? मग बॉडी आणि आतली हवा घुमतेय. बारीक, कानात घुसणारी शिट्टी आहे? मग संशय पिकअपवर. पिकअपच्या कव्हरवर नखाने हलकंच टकटक करा. अँपमधून ते ठणठणीत ऐकू आलं तर पिकअप माईकसारखा वागतोय. त्याला मेणात बुडवून आतलं वायंडिंग घट्ट करतात, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. त्यावर स्पंजचा उपयोग नाही.

दुसरं, जागा. हा उपाय फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही! अँपसमोर छाती काढून उभं राहू नका. बाजूला सरका, थोडं वळा, म्हणजे फळी थेट स्पीकरकडे बघणार नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी, पण उतरतो. आणि लाकडी स्टेज स्वतःच ढोलासारखं घुमतं, तेव्हा अँप खुर्चीवर किंवा स्टँडवर ठेवून बघा.

तिसरं, फोन. ट्यूनर ॲप सुरू करा. घुमणं सुरू झालं की कुठला सूर दाखवतंय ते बघा. जाड बॉडीच्या गिटारमध्ये तो बऱ्याचदा सहाव्या तारेवरच्या जी किंवा ए च्या आसपास सापडतो, म्हणजे ९८ ते ११० हर्ट्झ. आता पॅरामेट्रिक ईक्यूवर नेमकी तीच फ्रीक्वेन्सी धरा, पट्टा अरुंद ठेवा आणि ४ ते ६ डेसिबल खाली आणा. सगळा बेस कापलात तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजेल. आपल्याला एकच खोडकर सूर आवरायचाय, अख्ख्या वर्गाला शिक्षा नको. कॉम्प्रेसर लावला असेल तर बंद करून बघा. तो बारीक आवाज वर उचलतो, म्हणजे लूपला खाऊ घालतो. आणि वाजवत नसाल तेव्हा तळहात तारांवर.

चौथं, एफ-होल. एवढ्यानेही भागलं नाही तर भोकांना बाहेरून फोमची बुचं लावा. आतल्या हवेचं घुमणं बरंच दबतं. अँपशिवायचा आवाज कमी होईल, पण अँपमधून येणारा फारसा बदलणार नाही. नको वाटलं तर काढून टाका. चिकटपट्टी मात्र नको, आणि जुन्या नायट्रो लॅकरच्या गिटारवर रबर लावून ठेवू नका, पॉलिश खराब होतं.

सगळ्यात शेवटी आत स्पंज भरणं किंवा ब्रिजखाली लाकडी खुंटी बसवणं. हे उपाय काम करतात, पण थेट फळीलाच दाबतात. ही शेवटची पायरी, पहिली नव्हे.

मित्राचं काय झालं? एका रविवारी आम्ही याच क्रमाने गेलो. अँप खुर्चीवर, तो दोन पावलं बाजूला, आणि ईक्यूवर १०० हर्ट्झच्या जवळ एक छोटा खड्डा. बुचं खिशातच राहिली. जॅझ आणि ब्लूजपुरता व्हॉल्यूम मिळाला. डिस्टॉर्शन लावून मेटल वाजवायचं असतं तर मीसुद्धा 'सॉलिड बॉडी घे' म्हटलं असतं. ड्रमरलाही हळू वाजवायला सांगितलं, पण त्यावर काही उपाय अजून निघालेला नाही.

जाता जाता एक. हे प्रयोग करताना कान सांभाळा. फीडबॅक एका झटक्यात खूप मोठा होतो, तेव्हा हेडफोनवर तर मुळीच करू नका. चला, भेटू पुढच्या भागात. वाजवत राहा!