ओवीखाली गाणारीचं नाव लिहा

बचत गटाच्या बैठकीत आम्ही एक गोष्ट नेहमी बघतो. हप्ते जमा होतात, सह्या-अंगठे होतात, आणि ‘कुणाला काही बोलायचंय का?’ असं विचारलं की त्याच तिघी-चौघी बोलतात. बाकीच्या पदर सारखा करत बसतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं नसतं, असं थोडंच आहे? म्हणून आज जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलू.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या पुण्याच्या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं. त्यात पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातल्या, गरीब डोंगरी संघटनेच्या बाया होत्या. म्हणजे शहरातून कुणी आलं आणि लिहून घेऊन गेलं, असं नाही. गावातल्या बायाच दुसरीच्या ओट्यावर बसून ऐकायच्या, विचारायच्या. असं करत १ हजाराहून जास्त गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या. भाऊ, माहेर, विठ्ठल तर आहेतच. पण सीतेचा वनवास आहे, सासुरवास आहे, बाबासाहेब आंबेडकरही आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणारीच्या नावागावासकट आल्या. मोबाइलवर ऐकता येतात.

गावोगावी पिठाची गिरणी आली, हात मोकळे झाले, ते बरंच झालं. दळणाचे कष्ट परत नकोत. पण पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, ती जागा गेली. तिथं सासूबद्दलही बोलता यायचं, कारण ते ओवीत असायचं, भांडणात नाही.

आम्ही आमच्या गटांत हप्ता झाल्यावर पंधरा मिनिटं ओव्यांना ठेवतो. माइक नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. बक्षीस लावलं की गोड गळ्याची उठते आणि बाकीच्या टाळ्या वाजवायला उरतात. एका गटात वर्षभर तोंड न उघडलेल्या मावशींनी विहिरीच्या वाटेवरची ओवी म्हटली, तीही तिथल्या तिथं जुळवलेली. मग तिघी म्हणाल्या, अगं, त्या वाटेवर आम्हीपण घसरलोय! विषय महिला सभेत गेला, ठराव झाला. वाट अजून झालेली नाही, पण पुढच्या सभेत विचारायला मावशी स्वतः उभ्या राहिल्या.

तुमच्या गटात सुरू करायचं तर सर्वांत थोरल्या बाईपासून करा. तरण्या पोरींना लिहायला बसवा. ओवीखाली गाणारीचं नाव घाला, तिचं माहेर घाला, आणि ती कुणाकडून शिकली तेही. आणि काही ओव्या बाई म्हणते, पण ‘ही लिहू नको गं’ असंही सांगते. ती लिहायची नाही.