पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे



गर्भाशयाची पिशवी काढल्यावर पाळी कायमची थांबते. तरीही पुढे काही दिवस अंगावरून जाते, हे ठाऊक नसल्याने भगिनी एक तर घाबरतात, नाही तर गंभीर रक्तस्रावही लाजेपोटी दडवतात. आतील टाके भरून येईपर्यंत, साधारणतः ६ आठवडे, थोडा तांबूस वा तपकिरी स्राव स्वाभाविक असतो. तो उत्तरोत्तर कमी व्हावयास हवा. मात्र तासाभरात कापडाची घडी भिजणे, मोठ्या गाठी पडणे, दुर्गंधी अथवा ताप येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी विनाविलंब १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

शासनाने नेमलेल्या समितीला २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड भगिनींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अनेकींना पुरेशा विश्रांतीविना फडात परतावे लागले होते.

आपल्या वाशीम जिल्ह्यातही सोयाबीनची सोंगणी कोणासाठी थांबत नाही. परंतु ओल्या टाक्यांवर भाऱ्याचा वा घागरीचा ताण पडल्यास रक्तस्राव वाढू शकतो. ते ६ आठवडे तिची घागर घरातील पुरुषाने उचलावी. एवढा संदेश आपण ग्रामसभेतून घरोघरी पोचवावा, ही विनंती.