एका गॅलनची परीक्षा

शर्यत म्हटली कीं लोकांच्या डोळ्यांपुढें पहिला येणारा उभा राहतो. त्याचें नांव वृत्तपत्रांत छापून येतें, त्याला चषक मिळतो, आणि शर्यत संपली असें सर्व जण समजतात. परंतु शर्यतीचा खरा निकाल त्या दिवशीं क्वचितच लागतो. भरविणाऱ्यांनीं नियम कोणते केले, मोजमाप कशाचें घेतलें आणि बक्षीस कशासाठीं ठेवलें, यांवर तो अवलंबून असतो, आणि कित्येकदां दोनचार वर्षांनीं कळून येतो. जशी प्रश्नपत्रिका तसा अभ्यास, हा शाळेंतला अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. विमानविद्येच्या बाल्यावस्थेंतील शर्यतींचा इतिहास हेंच सांगतो.

विमानांचा पहिला मोठा मेळा फ्रान्समध्यें ऱ्हीम्स शहराजवळच्या माळावर २२ ते २९ ऑगस्ट १९०९ या आठवड्यांत भरला. ब्लेरिओनें इंग्लिश खाडी उडून ओलांडली त्या गोष्टीला तेव्हां पुरा महिनाहि झाला नव्हता. माळावर दहा किलोमीटरांचा चौकोनी मार्ग आंखून त्याच्या कोपऱ्यांवर मनोरे उभारले होते. विमानांनीं त्यांना वळसे घालावयाचे व पंचांनीं फेरे मोजून वेळ टिपावयाची, अशी व्यवस्था होती. वीस किलोमीटरांच्या शर्यतींत अमेरिकेच्या कर्टिसनें ब्लेरिओला मागें टाकलें तें अवघ्या सहा सेकंदांच्या आंतबाहेर. दूर उडण्याच्या स्पर्धेंत आंरी फार्मान तीन तासांहून अधिक वेळ हवेंत राहिला. संध्याकाळीं साडेसातला मोजणी बंद करावयाची असा नियम होता. तो त्यानंतरहि उडत होता, पण त्याच्या नांवावर लागले ते १८० किलोमीटरच. नियमापुढें पराक्रमालाहि थांबावें लागतें, हा धडा पहिल्याच मेळ्यानें दिला.

यापुढें परीक्षा झाली ती मुख्यतः वेगाची. ऱ्हीम्स येथें कर्टिसचा वेग ताशीं सुमारें ७५ किलोमीटर होता. त्याच चषकाच्या १९१३ च्या शर्यतींत तो २०० वर गेला. इंजिनें वाढलीं, खर्च वाढला. नंतर महायुद्ध आलें, आणि त्यांतून बाहेर पडलेलीं विमानें बहुतेक लष्करी कामाचीं, पेट्रोल पिणारीं व राखण्यास महाग अशीं होतीं. सामान्य मनुष्यानें उडावें कसें, हा प्रश्न तसाच राहिला.

इंग्लंडांत या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं १९२३ च्या ऑक्टोबरांत केंट परगण्यांतील लिम्प या विमानतळावर एक निराळीच परीक्षा भरविण्यांत आली. सदरलंडच्या ड्यूकनें ५०० पौंड व 'डेली मेल' पत्रानें १,००० पौंड देऊं केले. हीं बक्षिसें वेगासाठीं नव्हतीं. एका गॅलन पेट्रोलवर जो सर्वांत दूर जाईल त्याचीं तीं होतीं. इंजिन ७५० घन सेंटिमीटरांहून मोठें नसावें, म्हणजे मोटारसायकलच्या जातीचें असावें, अशी अट होती. शिवाय विमानाचे पंख मिटून दोघा माणसांना तें रस्त्यानें ओढून नेतां आलें पाहिजे, शेताच्या फाटकांतूनहि गेलें पाहिजे, असें ठरलें होतें. हेतु उघड होता: गरीबाला नाहीं तरी मध्यम स्थितीच्या मनुष्याला परवडेल असें विमान निघावें.

निकाल थक्क करणारा लागला. 'रेन' नांवाच्या इवल्याशा विमानाला ३९८ घन सेंटिमीटरांचें इंजिन होतें. लाँगटन या वैमानिकानें तें साडेबारा मैलांच्या त्रिकोणी मार्गावरून उडविलें आणि एका गॅलनला साडेसत्याऐंशी मैल, म्हणजे सात फेऱ्यांइतकें अंतर काढलें. मुंबई-पुणे लोहमार्गाचें जवळजवळ तीन चतुर्थांश अंतर एका गॅलनमध्यें! 'अ‍ॅनेक' या दुसऱ्या विमानानें जेम्सच्या हातीं नेमकें तेवढेंच अंतर काढलें, आणि बक्षीस दोघांत वांटून द्यावें लागलें. 'अ‍ॅनेक' जातीचें विमान त्याच आठवड्यांत १४,४०० फूट उंचीवरहि चढलें.

पण याच मेळ्यावर दुःखाची छाया पडली. मानेरोल हा फ्रेंच वैमानिक एक वर्षापूर्वीं इंग्लंडांतच इंजिनावांचून, केवळ वाऱ्याच्या आधारें तीन तासांहून अधिक तरंगून प्रसिद्धीस आला होता. लिम्प येथें तो उंचीच्या बक्षिसासाठीं वर गेला. उतरतांना त्याचें हलकें विमान हवेंतच मोडलें आणि तो प्राणांस मुकला. वजन कमी करण्याची हौस कोठवर न्यावी, याचा इशारा १३ ऑक्टोबर १९२३ या दिवशीं असा मिळाला.

दुसरा इशारा हंसविणारा होता. द हॅव्हिलंड कंपनीनेंहि या स्पर्धेसाठीं 'हमिंग बर्ड' हें एका माणसाचें छोटें विमान बांधलें होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अ‍ॅलन कोभम यानें तसलें विमान लिम्पहून ब्रुसेल्सच्या प्रदर्शनाला उडवीत नेलें. परत येतांना समोरून जोराचा वारा लागला, आणि खालच्या रुळांवरून चाललेली बेल्जियमची एक मालगाडी त्याच्या पुढें निघून गेली! त्यानें तेथेंच उतरणें पसंत केलें. परीक्षेनें पेट्रोल किती जळतें एवढेंच विचारलें होतें. वारा आडवा आला तर काय, बरोबर सोबती न्यावयाचा असला तर काय, हें विचारलेंच नव्हतें.

पुढच्या वर्षीं ब्रिटिश हवाई खात्यानें प्रश्नपत्रिका सुधारली, पण अर्धवट. दोन माणसांचें विमान हवें असें म्हटलें, आणि इंजिनाची मर्यादा मात्र ११०० घन सेंटिमीटरांवरच ठेवली. दोघांचें ओझें त्या बिचाऱ्या इंजिनांना झेपेना. कित्येक विमानें इंजिनांच्या बिघाडानें प्राथमिक फेरींतच गळालीं. बक्षीस 'वी बी' या विमानाला मिळालें, परंतु घरोघरच्या हौशी माणसानें घ्यावें असें विमान कांहीं त्यांतून निघालें नाहीं.

या परीक्षेला जेफ्री द हॅव्हिलंड बसलाच नाहीं. नियमांत बसणारें विमान उपयोगाचें होणार नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. हा निर्णय सोपा नव्हता. सरकारी बक्षीस समोर असतां तें सोडून स्वतःच्या पैशानें भलतेंच विमान बांधावयाचें, आणि तें खपलें नाहीं तर कारखाना धोक्यांत यावयाचा! हाल्फोर्ड या त्याच्या मित्रानें युद्धांतील शिल्लक रेनो इंजिनाचे आठ सिलिंडर पाहिले, त्यांतली चारांची एक बाजू उचलली आणि ६० अश्वशक्तीचें 'सिरस' इंजिन तयार केलें. त्याचें माप सुमारें साडेचार लिटर, म्हणजे १९२३ च्या मर्यादेच्या सहा पट! त्यावर बेतलेलें दोन माणसांचें, पंख मिटणारें विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजीं प्रथम उडालें. द हॅव्हिलंडला फुलपाखरें व पतंग यांचा मोठा नाद. त्यानें विमानाचें नांव 'मॉथ', म्हणजे पतंग, असें ठेविलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत हौशी लोकांचे उड्डाणक्लब निघाले व 'मॉथ' त्यांचें शिकवणीचें विमान झालें.

स्पर्धा भरविणारेहि शहाणे झाले. १९२६ च्या लिम्प स्पर्धेंत इंजिनाच्या मापाची अट गेली. त्याच्या वजनाची मर्यादा आली, आणि किती पेट्रोलांत किती ओझें नेलें याला गुण मिळूं लागले. १९२२ पासून चाललेल्या 'किंग्ज कप' शर्यतींत हँडिकॅपची पद्धति होती. मंद विमानाला आधीं सोडावयाचें व वेगवानाला मागाहून, म्हणजे सर्वांना संधि समान. १९२६ सालीं तो चषक ह्यूबर्ट ब्रॉड यानें जिंकला, आणि तो 'मॉथ' मध्यें बसून!

हा पतंग पुढें हिंदुस्थानांतहि आला. कराची, दिल्ली, मुंबई येथील क्लबांत तरुण मंडळी त्यावरच शिकलीं. १९२९ च्या अखेरीस आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. अटी थोडक्याच: उडणारा हिंदी असावा, एकटा असावा, आणि इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास, कोणत्याहि दिशेनें, ठरलेल्या मुदतींत पुरा करावा. मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा व अवघ्या सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर हे तिघे १९३० सालीं निघाले, आणि तिघांचींहि विमानें 'मॉथ' कुळांतलीं. सिंग पोंचले, पण मुदत टळून गेली होती. टाटा कराचीहून लंडनकडे व इंजिनिअर लंडनहून कराचीकडे निघाले होते. ईजिप्तमध्यें अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. इंजिनिअर स्पार्क प्लगांवांचून अडकून पडला होता. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. इंजिनिअर आधीं पोंचला व बक्षीस त्यानें घेतलें. तोच पुढें १९६० ते १९६४ या काळांत भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या तळावर टपाल आणलें, तें 'पस मॉथ' या त्याच घराण्यांतल्या विमानांतून.

१९२३ चें 'रेन' इंग्लंडांत शटलवर्थ संग्रहांत अजून जतन करून ठेवलें आहे. त्याचा विक्रम खोटा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचें त्यानें बिनचूक उत्तर दिलें. मात्र तो प्रश्न आखूड होता. तरीहि ती परीक्षा वायां गेली असें म्हणतां येणार नाहीं. ती झाली नसती तर तिच्यांत काय उणें आहे हें द हॅव्हिलंडला कळलें नसतें. स्पर्धा भरविणाऱ्यांनीं बक्षिसाची रक्कम ठरविण्यापूर्वीं आपणांस खरोखर काय हवें आहे हें ठरवावें. आणि जो परीक्षेला न बसतां घरीं बसून काम करीत राहतो, त्याच्याकडेहि एक नजर ठेवावी.