उभ्या गाडीची बॅटरी

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि आमच्या सिडकोतल्या गल्लीतल्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी गाडीवर कापड घातलं, दर रविवारी ती पुसूनही घेत होतो. जूनमध्ये एका रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक्’ असा आवाज. शेजारी त्यांची गाडी घेऊन धावले, वडील सुखरूप घरी आले. पण त्या खटपटीत गेलेली पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही.

पूर्वी असं फारसं अडत नसे. आपल्या वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, तो स्कूटरचा जमाना होता. स्कूटर जरा आडवी करायची, दोन किका मारायच्या, की निघाली. आता कित्येक मोटारसायकलींना किकच नसते, आणि इंजिनात पेट्रोल सोडण्याचं कामही विजेवर चालतं. बॅटरी गेली की सगळंच थांबतं.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, आतला संगणक यांना थोडी वीज लागतेच. समजा, ती 30 मिलिअँपिअर आहे. दिवसाला पाऊण अँपिअर-अवर होते, महिन्याला साधारण बावीस. लहान मोटारीची बॅटरी असते 35 अँपिअर-अवरची. म्हणजे महिन्यात निम्म्याहून जास्त संपली! शिवाय बॅटरी आपली आपणही झिरपत असते, आणि आपल्याकडचा एप्रिल-मेचा चाळीस अंशांचा उन्हाळा ते झिरपणं वाढवतो.

खरं नुकसान पुढेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कितीही चार्जिंग केलं तरी बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. म्हणून उतरलेली बॅटरी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवू नये.

मग करायचं काय? पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढा आणि अर्धा-पाऊण तास चालवा. दारातच पाच मिनिटं इंजिन घुरघुरवून पंधरा दिवसांची तूट भरत नाही.

गाडी दोन-तीन महिने हलणारच नसेल, तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा आणि तारा सोडवा. हंगाम संपल्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. आधी वजा टोकाची तार काढायची, मग अधिकची, जोडताना उलट. नाहीतर पाना गाडीच्या पत्र्याला टेकून ठिणगी उडते. नवीन गाड्यांत तार काढण्यापूर्वी माहितीपुस्तिका जरूर पाहा. बॅटरी सावलीत ठेवा. फरशीवर ठेवली की उतरते असं आपण ऐकलेलं असतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही.

महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. गाडी काही तास बंद असताना 12.6 व्होल्ट दिसले तर उत्तम. 12.4 च्या खाली गेले की चार्ज करा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं पाणी नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि जवळपास विडी-काडी अजिबात नको.

विजेवरच्या स्कूटरचं गणित वेगळं. तिची लिथियम बॅटरी दीर्घकाळ ठेवताना पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नसावी. निम्म्याच्या आसपास बरी. तिलाही महिन्याकाठी पाहायला हवं.

आणि बॅटरी निकामी झालीच, तर ती भंगारात फोडायला देऊ नका. शिसं विषारी असतं. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे परत करा.

आमच्या कॅलेंडरवर आता दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी ‘गाडी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या दिवशी वडील पुढच्या सीटवर बसतात आणि आम्ही दौलताबादपर्यंत जाऊन येतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)