प्रयोगशाळेंतील सोबती

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर येऊन ठेपली, म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांत एक विलक्षण बंधुभाव उत्पन्न होतो. वर्षभर ज्यानें आपली वही शेजाऱ्याच्या दृष्टीस पडूं दिली नाहीं, तोच ती आपण होऊन पुढें करतो. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा परीक्षार्थी असेल, त्यांचा फोन रात्रीं दहा वाजतांही थांबत नसेल. ‘निळा क्षार आला तर मोरचूद, फिकट हिरवा आला तर हिराकस,’ अशीं टिपणें हातोहात फिरतात. हें साहाय्य मनापासून दिलेलें असतें, यांत शंका नाहीं. परंतु त्यापासून घेणाऱ्याचें हित होतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. निकेलचे क्षारही हिरवेच असतात, आणि पांढऱ्या क्षारांची तर गणतीच नाहीं.

अनुमापनांत या उदारपणाची कसोटी लागते. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणांत ब्यूरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडावयाचें आणि फिकट गुलाबी रंग टिकला कीं थांबावयाचें, एवढेंच काम. एका परीक्षेच्या वेळीं एका हुशार मुलानें आपल्या मित्राला हळूच आकडा सांगितला: ९.८ मिलिलिटर. मित्रानें एकच माप कसेंबसें घेतलें आणि तिन्ही रकान्यांत ९.८ लिहून टाकलें. परीक्षकांनीं दोन ओळींना निरनिराळ्या तीव्रतेचीं द्रावणें दिलीं होतीं. मित्राचें खरें माप ११ च्या पुढें होतें. सांगणाऱ्यानें थोडा कंजूषपणा केला असता, तर तो मुलगा वांचला असता.

त्याच मुलानें आदल्या आठवड्यांत शेजारीं उभें राहून मित्राचा हात पाहिला असता, तर गोष्ट निराळी होती. ऑक्झॅलिक आम्लाचें द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेलें नसलें तर पहिल्या थेंबाचा रंग बराच वेळ जात नाहीं, आणि नवखा मुलगा काम संपलें असें समजतो. जरा धीर धरला, तर त्याच क्रियेंत उत्पन्न होणारें मँगनीज पुढच्या क्रियेला वेग देतें, आणि मागून येणारे थेंब पडतांक्षणीं विरतात. विरल गंधकाम्ल कमी पडलें तर द्रावण तपकिरी व गढूळ होतें. परमँगनेटचा रंग इतका गडद, कीं त्याच्या पृष्ठाची खालची कड दिसतच नाहीं. म्हणून माप वरच्या कडेवर घेतात, आणि डोळा त्या रेषेच्या पातळींत नसेल तर तेंही चुकतें. हें सगळें करणाऱ्याला दिसत नाहीं, पाहणाऱ्याला चटकन दिसतें.

नायट्रेटच्या चाचणींतही तेंच. ताज्या हिराकसाचें द्रावण मिसळून परीक्षानळीच्या कडेनें तीव्र गंधकाम्ल सावकाश सोडलें, म्हणजे दोन थरांच्या सांध्यावर तपकिरी कडें उमटतें. नळी हालली कीं तें मोडलें. ‘अरे, हलवूं नकोस,’ असें वेळेवर म्हणणारा सोबती तेथें हवा.

धातूंचे क्षार गटवार ओळखण्याची पद्धति रूढ करण्यांत जर्मन रसायनज्ञ फ्रेझेनियस याच्या पुस्तकाचा मोठा वांटा आहे. तें १८४१ सालीं निघालें, तेव्हां तो स्वतः बॉन येथें विद्यार्थीच होता. पुढें काय करून पाहावें, हें त्यानें सांगितलें. करून पाहणें ज्याचें त्याच्याकडेच ठेवलें.

दोन मैत्रिणींनीं असाच एक परिपाठ ठेवला होता. अर्थात् शिक्षकांच्या परवानगीनें व प्रयोगशाळेंतच. एकीनें क्षार काढून त्याचें नांव चिठ्ठीवर लिहावें, दुसरीनें तो ओळखावा आणि ‘कशावरून?’ याचें उत्तर द्यावें. देणारीलाही डोकें चालवावें लागे, कारण सोपा क्षार दिला तर मौज नसे. एका संध्याकाळीं चिठ्ठीच हरवली, आणि नळींत काय आहे हें देणारीलाही आठवेना. मग दोघींनीं मिळून प्रारंभापासून सुरुवात केली. ज्योतींत सफरचंदी हिरवा रंग आला, तरी एकीचें समाधान होईना. तांब्यानेंही ज्योत हिरवी होते, असें तिचें म्हणणें. दुसरी म्हणाली, ‘अग, पण द्रावणाला निळेपणा कुठें आहे?’ वाद मिटेना, तेव्हां ॲसेटिक आम्ल घालून पोटॅशियम क्रोमेटचे थेंब सोडले. पिवळा साका खालीं बसला. बेरियम!

चिठ्ठी दुसऱ्या दिवशीं वहींत सापडली. ती उघडून पाहण्याचें दोघींच्याही मनांत आलें नाहीं.