शिरस्त्राणाचा तोल
कोल्हापुरानजीक जोतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रेंत सासनकाठ्या नाचतात. काठी पुढें झुकली कीं मागचा दोर धरणारा तो ताणतो, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मानेचे मागचे स्नायू डोक्यासाठीं हेंच काम करतात. डोक्याचा भार मुळांतच सांध्याच्या किंचित् पुढें पडतो. त्यांत सैनिकाच्या शिरस्त्राणावर, कपाळापाशीं, रात्रीं पाहण्याची दुर्बीण बसविली म्हणजे तो दोर रात्रभर ताणलेलाच राहतो.

उपाय तराजूचा. शिरस्त्राणाच्या मागें थैली लावून तींत वजन घालतात. समजा, दुर्बीण ६०० ग्रॅमची, सांध्यापासून २० सेंटिमीटर पुढें. थैली १५ सेंटिमीटर मागें. दुर्बिणीचा पुरता तोल साधण्यास ८०० ग्रॅम लागतील. पण मग मानेवर १४०० ग्रॅमांचें ओझें! धांवतांना, वळतांना तेंच मानेला हिसके देतें. म्हणून पुरत्या तोलाचा हट्ट धरूं नये. आणि शिसें तरी कशाला? दुर्बिणीची बॅटरी तारेनें मागें नेतां आली, तर ओझें फारसें न वाढतां तोल सुधारतो.

थैली घट्ट व बेताच्या उंचीवर हवी. फार खालीं बांधली, तर पालथें पडून मान वर करतांच ती मानगुटीस टेकते आणि शिरस्त्राण डोळ्यांवर येतें.