सूक्ष्मजीवांची संहिता आणि तरुण संशोधक
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाचा ताळेबंद मांडताना इमारत, खाटा व यंत्रसामग्री यांची नोंद आम्ही मालमत्तेच्या बाजूस करतो. ज्या ज्ञानावर ही यंत्रे चालतात, त्यासाठी तरुण संशोधकांनी वेचलेल्या वर्षांना मात्र त्यात रकाना नाही. आज त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

क्षयरोग आणि कुष्ठरोग आपल्या गोंदिया जिल्ह्याला अपरिचित नाहीत. क्षयजंतूची सुमारे ४४ लाख अक्षरांची जनुकीय संहिता १९९८ साली प्रसिद्ध झाली. २००१ साली कुष्ठजंतूची संहिता वाचली गेली. त्यासाठी वापरलेला जंतू तामिळनाडूतील रुग्णाकडून मिळालेला होता. हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही. म्हणून तो आर्मडिलो या प्राण्याच्या शरीरात वाढवावा लागला.

या खटाटोपाचा रुग्णाला काय लाभ? क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध निष्प्रभ ठरते, तेव्हा बहुधा जंतूच्या एका जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झालेला असतो. सीबीनॅट यंत्र नेमका तोच पट्टा सुमारे दोन तासांत तपासते. पूर्वी जंतू वाढवून हे पाहण्यास कित्येक आठवडे लागत, आणि तोवर रुग्ण निरुपयोगी औषध घेत राही.

हे काम पुढे नेणाऱ्या तरुणांची स्थिती काय आहे? नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळालेल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व नियमानुसार घरभाडे मिळते. दोन वर्षांनंतर ही रक्कम ४२,००० होऊ शकते. एकंदर मुदत पाच वर्षांची. त्यातच नैतिकता समितीची मान्यता, नमुने गोळा करणे, डीएनए वेगळा करणे आणि संगणकावर लक्षावधी अक्षरांची जुळणी करणे, हे सारे उरकावे लागते. नमुना खराब निघाला की महिने वाया जातात. छात्रवृत्तीची मुदत मात्र थांबत नाही. घरी ‘नोकरी कधी?’ हा प्रश्न असतोच.

येथे आपल्यासारख्या जिल्ह्यातील रुग्णालयांचे कर्तव्य सुरू होते. नमुन्यावरील नाव-क्रमांक अचूक असावा, तो योग्य तापमानात पोहोचावा, औषधोपचाराची नोंद पूर्ण असावी. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत, मराठीत, हिंदीत वा गोंडीत, घेतली जावी; नकार देणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडू नये. रुग्णाने दिलेला नमुना ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. यंत्रासाठी आपण उदार हस्ते देता. त्यातील काही वाटा एखाद्या संशोधकाच्या प्रवासासाठी, निवासासाठी किंवा मुदत संपल्यानंतरच्या काही महिन्यांसाठी द्यावा. त्या दानावर नावाची पाटी लावता येणार नाही. परंतु अपुरे राहिलेले काम त्यामुळे पूर्णत्वास जाईल.